टिळकवाडीतली मुलांची व्यायामाची बॅच : बारा आठवड्यांत वजन दीड किलोच उतरलं, तरी परत नाव घातलंय

काल संध्याकाळी रिपोर्ट हातात पडला आणि आज लिहायला बसले. आमच्या बेळगावच्या वडगावातल्या दोन-तीन जणींनी विचारलं होतं की मुलाला तिकडं घातलंय ते काय फरक आहे काय, पैसे वाया तर जाईनात ना. एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते. लांब होणार आहे, पण ज्यांच्या घरी जाड मूल आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बॅचचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण आवडलेलं लिहिणार आहे तसं न आवडलेलं पण लिहिणार आहे आणि उगीच कुणाच्या पोटावर पाय नको. टिळकवाडीत आहे, पत्र्याच्या शेडचा हॉल आणि बाजूला थोडी मोकळी जागा, आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहा ते सात, वय १२ ते १७, महिना १८०० रुपये.

मुलगा माझा चौदाचा, नववीत. उंची १६० सेंटिमीटर, जूनमध्ये वजन ८६ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते दाखवणारा आकडा) ३३ च्या वर. पण आमची गोष्ट वजनापासून सुरू झालीच नाही, मानेपासून झाली. मागच्या दिवाळीत पहिल्या आंघोळीला उटणं लावताना मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा दिसला. मला वाटलं मळ आहे. उटण्यानं गेला नाही म्हणून बेसन-हळद लावली, लिंबू चोळलं, आणि एका रविवारी न्हाणीत पाटावर बसवून घासणीनं घासलं. कातडी लालबुंद झाली, पोरगं म्हणालं मम्मी दुखायलंय, मी म्हटलं स्वच्छ राहायला शिक जरा. ते आठवलं की आजही माझ्या पोटात तुटतं. पट्टा तसाच राहिला, जाडसर, हात लावला तर मखमलीसारखा, आणि नंतर बघितलं तर काखेत पण तसाच.

मार्चमध्ये सर्दी-ताप झाला म्हणून लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घसा बघितला, छाती बघितली आणि शर्टाची कॉलर मागं सारून मला विचारलं, हे किती दिवस आहे? म्हटलं सर रोज घासते पण जात नाही. ते म्हणाले, ताई, घासू नका, हा मळ नव्हेच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढत जातं, आणि ते जास्त झालं की मानेला, काखेला, जिथं जिथं घडी पडते तिथं कातडीच्या पेशी भराभर वाढून काळं जाड होतं. म्हणजे बाहेर दिसतंय ते आतलं आहे. मी खुर्चीवर बसूनच राहिले.

मग टेस्ट झाल्या. उपाशीपोटी साखर बरोबर, इन्सुलिन जास्त, लिव्हरचं एसजीपीटी थोडं जास्त, सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी पहिल्या ग्रेडची. आणि एक टेस्ट मी पहिल्यांदाच ऐकली, एचएस-सीआरपी, अंगात आतल्या आत सूज आहे काय ते रक्तातून दाखवणारी. ती आली ११.४. खाली छापलेलं की १ च्या आत कमी धोका, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त. आमचं ११! मिस्टर कामावरून येईपर्यंत मी मोबाईलवर काय काय वाचलं आणि रडून घेतलं. इथं माझी पहिली तक्रार, पण ती बॅचवर नाही, लॅबवर आहे (नाव घालत नाही). रक्त घेताना समोर पोरगं नाक ओढत बसलं होतं, एकदा तरी विचारायचं होतं की आजारी आहे काय. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बघून लगेच सांगितलं की १० च्या वर आलं की आधी सर्दी, ताप, इन्फेक्शन धरायचं, आत्ताचा आकडा मनावर घेऊ नका, पूर्ण बरा झाला की दोन-तीन आठवड्यांनी परत करा. सीआरपी म्हणे रक्तातून झटकन कमी होतं, साधारण १९ तासांत निम्मं, पण ते बनवणारी आग आत चालू असेल तर रोज नवीन तयार होतच राहतं. आणि १-३ चे हे आकडे मोठ्या माणसांच्या हार्टच्या धोक्यासाठी ठरवलेत, मुलांना तसेच्या तसे लावायचे नाहीत, दिशा बघायची. परत केली ती ५.८ आली. ना सर्दी, ना ताप, ना कुठं जखम, तरी ५.८.

म्हटलं मग ही सूज कुठाय, मला तर दिसत नाही. डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, म्हणून इथं लिहिते. म्हणाले तुम्ही चरबी म्हणजे माळ्यावर ठेवलेलं तांदळाचं पोतं समजता, पडलंय तर पडलंय. तसं नसतं, चरबी जिवंत आहे, कामाला लागलेली आहे. पेशी फुगत फुगत गेल्या की आतपर्यंत रक्त पुरेसं पोचत नाही, काही पेशी मरतात, मग त्या निस्तरायला शरीराच्या राखणदार पेशी, मॅक्रोफेज, तिथं येतात आणि काम संपलं तरी जात नाहीत, ठाण मांडून बसतात. त्या टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ असली रसायनं सोडत राहतात, ती रक्तातून लिव्हरला पोचली की लिव्हर सीआरपी बनवतं, आणि हीच रसायनं इन्सुलिनच्या कामात पण खोडा घालतात. चांगलं काम करणारं एक हार्मोन पण चरबीतूनच येतं, अ‍ॅडिपोनेक्टिन, ते आग शांत ठेवतं, पण चरबी वाढली की नेमकं तेच कमी पडतं. सीआरपी तसं जुनं आहे, १९३० साली न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात पहिल्यांदा सापडलं. पण लठ्ठपणात चरबीच टीएनएफ बनवते हे १९९३ साली उंदरांवरच्या कामातून पुढं आलं, म्हणजे आमच्या आयांना हे कुणी सांगणं शक्यच नव्हतं. ताप नाही, दुखत नाही, लाल होत नाही, पण राखेखाली निखारा धुमसत राहतो तसं. आणि चौदाव्या वर्षापासून धुमसायला लागलं तर चाळिशीपर्यंत रक्तवाहिन्यांचं, लिव्हरचं काय होणार, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आमच्या सासूबाई म्हणत होत्या, "पोरगं वाढायलंय गं, खाऊ दे की त्याला, बाळसं आहे ते, उंची धरली की उतरतंय." त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी हाल काढलेत, ताटात भरपूर असणं म्हणजेच सुख. पण डॉक्टरांनी त्यांना पण समोर बसवून पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांची गोष्ट सांगितली. ते आणि त्यांचे एक इंग्लिश डॉक्टर मित्र, दोघांचा बीएमआय सारखा, २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर मित्राची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात हे दोघांच्या फोटोसह छापून आलं. म्हणजे आपण लोक बारीक दिसत असलो तरी आत चरबी धरून असतो, त्यात वजन पण वाढलेलं असलं तर विचारूच नका. म्हणून इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या मुलांच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यात लठ्ठपणाची रेघ मोठ्यांच्या २७ बीएमआयला जुळवलीय, बाहेरच्या देशांसारखी ३० ला नाही. आज्जी घरी येताना गाडीत गप्प होत्या, आणि रात्री पोळीवर तूप वाढताना चमचा अर्धाच भरला.

आता सेवेबद्दल. बॅच मिळायच्या आधी आम्ही एका जिममध्ये दीड महिना फुकट घालवला ते पण सांगते, कारण बरेच जण तिथंच जातात. तिथं "नव्वद दिवसांत वीस किलो" असं पॅकेज होतं. पहिल्याच दिवशी पोराला ट्रेडमिलवर पाऊण तास पळवलं, घरी आला तो जिना चढवेना, दुसऱ्या आठवड्यात प्रोटीन पावडरचा डबा घ्या म्हणाले, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याचा उघड्या पोटाचा फोटो "आधी" म्हणून त्यांच्या स्टेटसवर. आम्हाला विचारलं नाही, पोराला विचारलं नाही. शाळेतल्या एकानं बघितला. त्यानंतर पोरगं आठ दिवस शाळेला जाईना. चौदा वर्षांच्या मुलाबरोबर असं करणं पाप आहे, याहून सौम्य शब्द माझ्याकडं नाही.

म्हणून टिळकवाडीच्या बॅचला पहिल्या दिवशी गेलो तेव्हा पोरगं गाडीतून उतरायलाच तयार नव्हतं. जूनचा मधला आठवडा, पाऊस असा की गोवावेसपासून वायपर पुरा पडेना, त्यात दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो, पोचायला सहा वाजून दहा मिनिटं झालेली. मला वाटलं आता सर ओरडणार. सर छत्री घेऊन गाडीपर्यंत आले, माझ्याशी बोलायच्या आधी त्याच्याशी बोलले, "आज नुसतं बघायचं. उद्या करावंसं वाटलं तर करायचं. बूट मात्र आण की, चपलेवर पाय मुरगळतो." तो खिडकीतून बघत बसला आणि पंधराव्या मिनिटाला आपणच आत गेला. एवढ्यानंच मला अर्धे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

आत सोळा-सतरा मुलं असतात, त्यात पाच मुली, त्यांच्यासाठी वेगळ्या मॅडम आहेत. अर्धी मराठी मीडियम, अर्धी कन्नड मीडियम, थोडी इंग्लिश. मोजणी एका सेटला मराठीत, दुसऱ्या सेटला कन्नडमध्ये, ओंदु एरडु मूरु नाल्कु, आणि आमचा मुलगा शाळेत कन्नडच्या तासाला तोंड उघडत नाही तो इथं वीसपर्यंत ओरडून मोजतो. सुरुवातीला दहा मिनिटं हातपाय सैल करणं, मग वीस-पंचवीस मिनिटं दम लागेल असा प्रकार, कधी दोरीउड्या, कधी खो-खो, कधी नुसतं झपझप चालणं आणि मध्ये मध्ये पळणं, मग वीस मिनिटं ताकदीचं, बैठका, भिंतीला हात टेकवून जोर, रबराचे बँड ओढणं, मेडिसिन बॉल फेकणं, मोठ्या मुलांना हलके डंबेल. शेवटी श्वास. किती दमवायचं याचं मोजमाप पण साधं, बाजूच्याशी बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता आलं तर कमी पडतंय, बोलता पण येईना तर जास्त होतंय. आता घरी जिना चढताना तो मला विचारतो, मम्मी, बोलता येतंय काय तुला?

पहिल्या बैठकीचं सांगते. मी दारातनं बघत होते. त्याला पूर्ण बसता येईना, अर्ध्यातच गुडघे आत वळायचे आणि तोल मागं जायचा. सरांनी मागं एक लाकडी स्टूल ठेवलं, म्हणाले बसायचं आणि उठायचं, हातानं आधार घ्यायचा नाही, झालं. दहा वेळा. दर आठवड्याला स्टूल थोडं ठेंगणं. चौथ्या आठवड्यात प्लास्टिकचा छोटा पाट, सातव्यात पाट पण काढला. नवव्या आठवड्यात घरी आज्जींची जपमाळ पलंगाखाली गेली तर हा खाली बसला, वाकला, काढली आणि हात न टेकता उठला. आज्जींनी माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघी काही बोललो नाही.

ताकदीच्या व्यायामाबद्दल घरी वाद झाला होता. मिस्टरांचं म्हणणं वजन उचललं की उंची खुंटते, त्यांच्या तालमीत तसंच सांगायचे. मी डॉक्टरांना विचारलं. नीट शिकवणारा माणूस समोर असेल, वजन हळूहळू वाढवत असेल तर त्यानं उंची खुंटत नाही, उलट हाडांना चांगलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेत पण ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल आणि आठवड्यात किमान तीन दिवस स्नायू-हाडं मजबूत करणारं काहीतरी हवं असं स्पष्ट आहे. बॅचचे तीन दिवस त्यावरूनच धरलेत असं सर म्हणाले. बाकीचे चार दिवस घरच्यांनी बघायचे. आम्ही लेले मैदानावर जातो, पाऊस असला की घरात सूर्यनमस्कार.

आता व्यायामानं आतली आग कशी कमी होते, हे मला सगळ्यात जास्त पटलेलं आहे. आधी मला वाटायचं व्यायाम म्हणजे कॅलरी जाळणं, बास. पण स्नायू आकसतो-सुटतो तेव्हा तो पण रसायनं सोडतो, त्यांना मायोकाइन म्हणतात. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन म्हणून एक डॉक्टर बाई आहेत, त्यांच्या गटानं यावर पुष्कळ काम केलं. गंमत म्हणजे त्यातलं मुख्य नाव इंटरल्युकिन-६ च, जे चरबीतून रोज थोडं थोडं झिरपून त्रास देतं तेच. पण व्यायामात ते स्नायूतून एकदम वर जातं, मॅरेथॉनसारख्या लांब दमछाकीत तर शंभरपटीपर्यंत, आणि थांबलं की काही तासांत खाली येतं. आणि वर गेलेलं असताना ते इंटरल्युकिन-१० सारख्या शांत करणाऱ्या रसायनांना बोलावतं आणि टीएनएफला दाबतं. म्हणजे एकच पाणी, दिवसभर भिंतीत झिरपत राहिलं तर भिंत खराब करतं आणि पाटातनं एकदा सोडून बंद केलं तर शेत भिजवतं. शिवाय व्यायामानं पोटातली, आतड्याभोवतीची चरबी आधी हलते, आणि सगळ्यात जास्त उपद्रव तिचाच असतो. आणि स्नायूला काम लागलं की तो रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघता आपणच ओढून घेतो. मी सरांना म्हटलं हे तुम्ही सगळ्या आईवडिलांना पहिल्या दिवशी का सांगत नाही? ते म्हणाले ताई, सगळे पहिला प्रश्न किती किलो उतरेल हाच विचारतात.

आणि मी पण तोच विचारला हे कबूल करते. सहाव्या आठवड्यात वजन केलं तर ८५.३. सातशे ग्रॅम! सकाळी पाचला उठायचं, डबा करायचा, पावसात गाडी काढायची, आणि सातशे ग्रॅम. मी सरांना सरळ म्हटलं की आम्ही थांबतो. ते चिडले नाहीत. टेप आणली आणि पोराला विचारून कंबर मोजली. जूनमध्ये १०४ होती, ९९.५ भरली. म्हणाले, काटा हाड, स्नायू, पाणी, चरबी सगळं एकत्र मोजतो, तुमचा मुलगा वाढीच्या वयात आहे, उंची पण वाढते आहे, स्नायू पण. टेप नेमकी ती जागा मोजते जिथं आग आहे. सहा आठवडे अजून द्या, मग डॉक्टरांकडून रक्त तपासा, नाही पटलं तर सोडा. मला त्यांचं हे फार आवडलं की त्यांनी स्वतः कुठली लॅब सुचवली नाही, कुठला डबा विकला नाही, डॉक्टरांकडेच पाठवलं.

डाएट प्लॅन ही बॅच देत नाही. काहींना ती कमतरता वाटेल, मला पण सुरुवातीला वाटली. पण डॉक्टर म्हणाले व्यायाम आणि खाणं दोन्ही बदललं तर सूज जास्त उतरते, नुसत्या व्यायामानं पण काही ना काही होतं. मग घरचं आम्ही आमचं ठरवलं. शाळेतून येताना बेकरीतलं पफ आणि कोल्ड्रिंक बंद. कुंदा बंद नाही केला, बेळगावात राहून कुंदा बंद म्हणणं पोराला शिक्षा होईल, पण डबा घरात आणून ठेवायचा नाही, सणाला पाहुण्यांबरोबर एक वाटी. संध्याकाळी भिजवलेले शेंगदाणे, मटकीची उसळ, ताक. रात्री पांढऱ्या भाताचा डोंगर असायचा तिथं भाकरी आली, भात शेवटी थोडा. आणि झोप, हे कुणी धरत नाही. १३ ते १८ च्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आमचा बारापर्यंत मोबाईलवर असायचा. सकाळी सहाची बॅच म्हटल्यावर साडेनऊला आपोआप पडायला लागला. मला वाटतं अर्धं काम त्या लवकर झोपण्यानं पण केलं असेल.

बारा आठवड्यांनी, शेवटच्या व्यायामानंतर तीन दिवस सोडून रक्त दिलं. हे ध्यानात ठेवा, जोराचा किंवा सवय नसलेला व्यायाम झाला की लगेच एक-दोन दिवस सूज दाखवणारे आकडे आणि स्नायूचे एंझाइम वर गेलेले असू शकतात, म्हणून आदल्या दिवशी दमवून टेस्ट करायची नाही, आणि सर्दी-ताप, दातदुखी असताना पण नाही. आमचा रिपोर्ट : एचएस-सीआरपी ५.८ वरून ३.४. उपाशीपोटी इन्सुलिन कमी, एसजीपीटी रेंजमध्ये आलं. कंबर ९८. उंची एक सेंटिमीटर वाढली. वजन ८४.५. मानेचा पट्टा गेलेला नाही पण फिका झालाय, आणि कडेची जाड कातडी मऊ लागते, मी रोज बघते, आता घासायला नाही, नुसता हात फिरवायला.

खोटं आश्वासन देणार नाही. हा एका मुलाचा रिपोर्ट आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की लठ्ठ मुलांवर असे आठ-बारा आठवड्यांचे, कधी त्याहून लांब प्रयोग जगभर झालेत, बऱ्याच ठिकाणी सीआरपी उतरलं, काही ठिकाणी इंटरल्युकिन आणि टीएनएफ पण उतरलं, काही ठिकाणी काहीच हललं नाही. मुलं वयात येत असतात, हार्मोन बदलत असतात, कुणी आठवड्यातून तीनदा करतं, कुणी टाळतं, आकडा एकसारखा कसा येईल. आणि व्यायाम सोडला की मिळवलेलं हळूहळू जातं. ३.४ म्हणजे पण अजून जास्तच आहे. आम्ही अर्ध्या वाटेवर पण नाही. पण उतरायला लागलंय, आणि वजन फारसं न हलता उतरायला लागलंय, हेच मला सगळ्यांना सांगायचंय, कारण माझ्यासारखी कुणीतरी सहाव्या आठवड्यात काट्याकडं बघून पोराला बॅचमधून काढत असणार.

आता तक्रारी. एक, पत्रा गळतो. जुलैत सलग पाऊस लागला तेव्हा हॉलच्या एका कोपऱ्यात बादल्या ठेवल्या होत्या, फरशी निसरडी, एक मुलगी घसरली, सुदैवानं लागलं नाही. १८०० रुपये घेता तर पत्रा तरी बदला. दोन, मुलींसाठी कपडे बदलायला जागा नाही, एकच बाथरूम, कडी नीट लागत नाही. याला काही सबब नाही, हे आधी दुरुस्त व्हायला हवं. तीन, पहिल्या आठवड्यात सगळ्यांसमोर ओळीनं उभं करून वजन केलं आणि एक हेल्पर मुलगा आकडा मोठ्यानं वाचत होता. आमच्याचा आकडा ऐकून दोघं हसले आणि त्यानं मान खाली घातली. मी त्याच संध्याकाळी सरांना फोन केला, आवाज चढला माझा, जिममध्ये जे झालं ते सांगितलं. पुढच्या वेळेपासून वजन आतल्या खोलीत एकेकाचं, आकडा कागदावर घडी घालून पालकांकडे. ऐकून घेतलं आणि बदललं, म्हणून मी राहिले. चार, तीन महिन्यांचे पैसे एकदम भरावे लागतात आणि मध्ये सोडलं तर परत मिळत नाहीत. हातावर पोट असलेल्या घराला ५४०० एकदम काढणं सोपं नाही, आमच्याकडं यंत्रमागावर काम करणाऱ्यांची मुलं पण आहेत, त्यांनी काय करायचं? हप्त्याची सोय करा म्हणून मी सांगितलंय, बघूया.

कुणाला चालणार नाही तेही लिहिते. मुलाला दमा असेल, छातीत धडधड होत असेल, गुडघा किंवा खुबा दुखत लंगडत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. जाड मुलांत खुब्याचं हाड सरकायचा प्रकार असतो, दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि घरी वाटतं व्यायामानं दुखायलंय. या बॅचमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी मागतात, कंटाळा करू नका. आणि दोन महिन्यांत बारीक करून पाहिजे असेल लग्नाकार्याला, तर इथं येऊ नका, इथं ते होत नाही.

मागच्या रविवारी सरांनी सगळ्यांना राजहंसगडावर नेलं. येळ्ळूर गावातून चालत. जूनमध्ये हाच मुलगा आमच्या गल्लीच्या चढाला थांबून मोबाईल काढायचा, म्हणजे दम लागलाय हे कळू नये म्हणून मेसेज बघितल्यासारखं करायचा, मला माहीत होतं. गडाच्या चढावर मी मागं राहिले, तो पुढं गेला, वळणावर थांबला आणि मला वाटलं परत मोबाईल काढतोय. तो माझ्यासाठी थांबला होता. पाण्याची बाटली उघडून धरली माझ्यासमोर.

पुढच्या तीन महिन्यांचं नाव घातलंय, सोमवारपासून सुरू. वडगाव-शहापूर बाजूचं कुणी मूल येणार असेल तर सांगा, मागच्या सीटवर दोघांना जागा आहे, पेट्रोलचे पैसे नकोत. पावणेसहाला कोपऱ्यावर उभं राहायचं, बूट घालून.